आईला उचलून शंभर पावलं

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं असलं की आईला एकच वाक्य पुरायचं: "पडलीस तर आणणार कोण?" सायकल शिकायची म्हटलं तर पडलीस तर आणणार कोण. कॉलेजच्या मुलींबरोबर नागार्जुनसागरला जायचं म्हटलं तर तेच. एकदा मी आमच्याच गॅलरीत स्टुलावर चढून बल्ब बदलत होते, तेव्हाही खालून तेच आलं. मी म्हटलं, "आई, पडले तर तुझ्याच अंगावर पडेन, आणायचं कुठून?" त्यावर ती म्हणाली, "उलटं बोलू नको," आणि स्टूल आणखी घट्ट धरून उभी राहिली.

काचीगुड्याला स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खिडक्या रुळांच्या बाजूला होत्या, त्यामुळे आमच्या घरात घड्याळाची गरज नव्हती. आई भोंगा ऐकून सांगायची, ही मनमाडची, ही बेंगळूरची, आज ही वीस मिनिटं उशिरा आली म्हणजे वाटेत कुठंतरी अडकवली असणार. स्टेशनावरच्या तीन भाषांतल्या घोषणा तिला पाठ होत्या. त्यातली तेलुगू तर भाकरी थापताना ती त्याच चालीवर म्हणायची, आणि परातीवर पडणाऱ्या हाताचा ताल तिला इतका जमायचा की खालच्या मजल्यावरची माणसं दाद द्यायची. एवढ्या गाड्यांची ओळख असलेली ही बाई आयुष्यात एकाच गाडीत बसली होती, ती म्हणजे नांदेडकडे माहेरी जाणारी. बाकीच्या सगळ्या तिनं नुसत्या ऐकल्या होत्या. हे मला तेव्हा अजिबात विचित्र वाटत नव्हतं. आई म्हणजे घरात असणारी, एवढंच डोक्यात होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात कापायला होते. चाळीस वर्षं त्यांनी मीटरपट्टीवर कापड ओढलं, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना पन्ह्यात आणि वारात दिसायची. आमच्या लग्नाच्या पत्रिकाही त्यांनी आधी उलटसुलट करून कडा वाया गेल्या का ते पाहिलं होतं. उरलेला तुकडा फेकणं हे त्यांच्या दृष्टीनं पाप होतं, आणि पुढं जो काही गोंधळ झाला त्याचं मूळ ह्याच पुण्यवान सवयीत आहे असं माझं मत आहे. आईचं मत वेगळं आहे. ती आत्ता शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसली आहे आणि मी काय लिहिते आहे ते मोठ्यानं वाचून दाखव म्हणते आहे. मी वाचणार नाही.

मी एकोणीस वर्षांची होते, सुकटासारखी बारीक, आणि शाहीन मॅडम आमच्या कॉलेजात खेळ शिकवायला आल्या. उंच, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला विचारलं, "इत्ते लोगां में सौ सीढ़ियाँ कौन चढ़ सकते, हाथ उठाओ." कोणी हात वर केला नाही, कारण कोणी कधी मोजल्याच नव्हत्या. वर्षभरात त्यांनी आमच्यातल्या सहा जणींना भूत लावलं. दर उन्हाळ्यात त्या बायकांची एक तुकडी हिमालयात घेऊन जायच्या, बारा दिवस पायी, पाठीवर दहा किलो. त्यांचा फॉर्म होता एकच पान, त्यावर वर लिहिलं होतं, फक्त स्त्रिया, वय अठरा ते पन्नास. मी त्यातलं फक्त अठरा वाचलं आणि घरी पळत आले.

आईनं फॉर्म हातात घेतला, खाली 'पालकाची सही' होती तिथं बोट ठेवलं आणि मी मनातल्या मनात तिच्याबरोबर ते वाक्य म्हटलं. पण मी ह्या वेळी तयारीनं आले होते. मी म्हटलं, "मॅडमचा नियमच आहे. प्रत्येकीला दुसरीला पाठकुळी घेऊन शंभर पावलं चालता आलं पाहिजे. पडली तर आणायचं कसं हे आधी शिकवतात, मगच नेतात." आईला वाटलं नव्हतं की तिच्या प्रश्नाला जगात कोणी उत्तर तयार ठेवलं असेल. तिनं फॉर्मवरचं बोट उचललं. "दुसरीला म्हंजे कुणाला?" "आपल्याच वजनाच्या मुलीला." आई हसली. "डोंगरावर पडणारी माणसं काय वजन करून पडत्यात? मला उचल. मला उचलून शंभर पावलं चाल, मी सही करते." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तिला वाटलं विषय संपला. मी तिला दुसऱ्याच दिवशी स्टेशनावरच्या, दिवे लुकलुकणाऱ्या वजनकाट्यावर उभं केलं. बहात्तर किलो. मी एकोणपन्नास. (मेथीच्या खोलीतून आवाज आला, "सत्तर होते." कार्ड माझ्याकडे आहे.)

मग तयारी सुरू झाली. दहा किलोचं ओझं घेऊन रोज चालायचं, तर ओझं म्हणून काय घ्यायचं? आमच्याकडे गावाहून आलेलं ज्वारीचं पोतं होतं. अण्णांनी दुकानातून जाड खाकी कापडाचा शेवटचा तुकडा आणला, जमिनीवर पसरला, पट्टी लावली आणि त्यांचे डोळे चमकले. "एका तुकड्यात दोन बसायल्यात. एकच कामून शिवायची?" त्यांनी ओळखीच्या शिंप्याकडून दोन पाठपिशव्या शिवून आणल्या, टाक्याला टाका सारख्या. एकीत दहा किलो ज्वारी भरली, ती सरावाची. दुसरीत मॅडमच्या यादीप्रमाणे संकटकाळचं सामान: शिट्टी, टॉर्च, पट्ट्या, दोरी, पिना, मीठसाखरेची पाकिटं. हे सगळं मिळून किलोभर झालं असतं. पण ती पिशवी भरायला बसली आई. संकट म्हणजे काय ह्याची मॅडमपेक्षा तिला जास्त माहिती होती. तिनं ओवा घातला, हळद घातली, डोकं दुखल्याचा बाम घातला, दोन जुनी सुती लुगडी, पितळी लोटा, छत्री, अडकित्ता. मी म्हटलं, "अडकित्ता कशाला?" "संकट काय सांगून येतंय का?" शेवटी लहान दगडी खलबत्ता घातला, कारण डोंगरावर औषधी पाला मिळाला तर तो कुटायचा कशात. अण्णांनी दोन्ही पिशव्यांची तोंडं दुकानच्या गाठीनं बांधली, ती एका ओढीत सुटते पण बाहेरून आतलं काही दिसू देत नाही. मग काट्याला लावून पाहिलं. ज्वारीची दहा किलो, संकटाची नऊ किलो आठशे. दोन्ही दाराआडच्या एकाच खुंटीवर टांगल्या गेल्या. रंग तोच, गाठ तीच, वजन तेच. इतक्या हुशार तीन माणसांच्या डोक्यात त्या वेळी काहीच आलं नाही.

सकाळी ज्वारी घेऊन मी चालायला जायची, काचीगुड्याहून चिक्कडपल्लीपर्यंत आणि परत. येताना स्टेशनाचा पूल पाच वेळा चढायचा उतरायचा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखल्या की मी जिना बसून उतरायचे. आई तेल चोळून द्यायची आणि चोळताना म्हणायची, "सोड बाई नाद," पण चोळायची मात्र हाडापर्यंत. सकाळी दोन भाकऱ्यांच्या चार झाल्या. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मी खाताना आई समोर बसून अशी बघायची की जणू काही सिनेमा चालला आहे. मला त्या दिवसांत भूक किती लागायची! आज माझी लेक मनगटावरच्या घड्याळात पावलं आणि प्रोटीन मोजते. मी तिला म्हणते, भूक मोजायचं घड्याळ आलं की सांग.

संध्याकाळी गच्ची. गच्चीच्या ह्या टोकाला जिना आणि त्या टोकाला पाण्याची टाकी, मधे बरोबर पंचवीस पावलं. पहिल्या दिवशी मी वाकले, आई पाठीवर आली आणि आम्ही दोघी जागच्या जागी खाली बसलो. कारण वजन नव्हतंच, कारण हसणं होतं. आईला गुदगुल्या व्हायच्या. कमरेत हात घातला की ती खिंकाळायची, ती हसली की मला हसू यायचं, आणि हसताना माणसाच्या गुडघ्यात काही म्हणता काही राहत नाही. "कामून हसायलीस? नीट उचल की!" असं ती स्वतःच हसत हसत ओरडायची. पलीकडच्या गच्चीवर लक्ष्मी आंटी वाळवणाचे वडियालु, म्हणजे सांडगे, घालत बसलेल्या असायच्या. त्यांनी आधी हातातलं पीठ टाकून "अय्यो, पडिपोतारु!" म्हणजे पडाल, पडाल, असं केलं. चौथ्या दिवशी त्यांनी आपलं काम ओळखलं आणि मोजायला लागल्या. ओकटी, रेंडू, मूडू. तिसऱ्या पावलाला मी कोसळायचे आणि आंटी "मूडू" असं इतक्या दुःखानं म्हणायच्या की आम्हाला पुन्हा हसू फुटायचं. हळूहळू मूडूचे सात झाले, सातांचे अकरा, आणि पंधरा दिवसांनी मी आईला घेऊन टाकीला जाऊन टेकले. आंटींनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या तीन गच्च्यांवरही माणसं जमायला लागली होती, त्यांनीही वाजवल्या.

आईला टाकीजवळ उतरवलं. ती पदर सारखा करत म्हणाली, "इथवर नेलंस. आता परत आणणार कोण?" तिचं तेच वाक्य, पण आवाज वेगळा होता, खट्याळ. आणि माझ्यासमोर पाठ करून वाकली. "चढ." मला वाटलं चेष्टा आहे. पण खरंच तिनं मला पाठीवर घेतलं आणि जिन्यापर्यंत आणून सोडलं, जशी धुण्याची बादली आणावी. तो मग रोजचा नियम झाला. मी जितकी न्यायचे तितकं ती आणायची. पन्नास नेली तर पन्नास आणायची. माझी पावलं मोजायला लक्ष्मी आंटी होत्या. आईची कोणी मोजली नाहीत, मी पण नाही.

एके रविवारी मॅडमनं आम्हा सहा जणींना परीक्षेसाठी अनंतगिरीच्या डोंगरात न्यायचं ठरवलं. शंभर पावलं तिथं, खऱ्या उतारावर चालून दाखवायची. मी म्हटलं, मला आईलाच उचलायचं आहे. आम्हा मुलींनाही माँ म्हणणाऱ्या मॅडमनं विचारलं, "अम्मी को वज़न बनाके लाते क्या माँ?" मी म्हटलं, "हौ मॅडम." घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ओझं म्हणून येते मी. ओझ्याला काय, न्यायचं तिकडं जातंय." पण आदल्या दिवशी तिनं अण्णांकडून स्वतःसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट मागवले, ते घालून गॅलरीत चार चकरा मारल्या, आणि पहाटे स्टेशनावर पोचल्यावर जी गाडी तिच्या माहेरची नव्हती तिच्या डब्याला तिनं पाय लावायच्या आधी हात लावून नमस्कार केला. मी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

अनंतगिरीला पळस फुलला होता. आई लुगडं जरा वर खोचून, पांढरे बूट टाकत, सगळ्यांच्या पुढे. मुली दमल्या, मी दमले, ती झाडांची नावं सांगत होती. अर्धी तेलुगूत, अर्धी तिच्या लहानपणच्या शिवारातली. माझ्या पाठीवर खाकी पिशवी, संकटाची, सगळ्यांत मिळून तीच एक. निदान मला तसं वाटत होतं. वर पोचल्यावर भाकऱ्या सोडल्या, लक्ष्मी आंटींनी दिलेला चिंचेचा पिवळा भात, पुलिहोरा, सोडला, आणि मॅडमसुद्धा बोटं चाटत म्हणाल्या, "इत्ता खाके कौन उठाते किसी कू?" तासाभरानं उतरणीला परीक्षा लागली. पाच जणींनी आपापल्या जोडीदारणींना नेलं. मग मी. पिशवी एका मुलीकडे दिली आणि आई पाठीवर आली. तिचे हात माझ्या गळ्यात, बूट माझ्या कमरेशी. वाट सैल मुरमाची होती पण माझी पोटरी गच्चीवर तयार झाली होती. तीस, चाळीस, पन्नास. मुली मोजत होत्या. साठ झाले आणि मला ठाऊक झालं की हे होणार आहे, मी हिमालयात जाणार आहे. तेवढ्यात आईनं माझ्या कानात लक्ष्मी आंटींच्या हुबेहूब आवाजात म्हटलं, "मेल्लगा, मेल्लगा." म्हणजे हळू, हळू. मी फुटले. हसताना माणसाच्या गुडघ्यात काही राहत नाही हे मी वर सांगितलंच आहे. सदुसष्टाव्या पावलाला पाय मुरमावरून सरकला, आई माझ्यावरून लोळत गवतात गेली, आणि माझ्या घोट्यात कटकन आवाज झाला. हसलीस तू, म्हणून पडलो, असं ती आजही म्हणते. हसवलं कोणी, ह्यावर ती आजही बोलत नाही.

दुखणं असं होतं की डोळ्यांपुढं पळस पांढरा झाला. मॅडम धावत आल्या, बुटाची नाडी सैल केली, घोटा बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "इमर्जन्सी बॅग खोलो." एका मुलीनं अण्णांची गाठ ओढली, पिशवी उलटी केली. खळखळ, खळखळ. पिवळीपांढरी ज्वारी उतारावरून धो धो वाहू लागली. मग मॅडम म्हणाल्या, "अर्चना, ये क्या लाई माँ तू?" "ज्वारी, मॅडम." "ज्वारी! पाँव मुड़ा तो रोटी डालूँ क्या मैं?" मुली लोळायला लागल्या. मी रडत होते आणि हसत होते आणि मधेच ओरडत होते. मला एवढंच कळत होतं की संपलं. शंभर पावलं झाली नाहीत, पाय गेला, औषध घरी खुंटीवर, आणि आई समोर उभी. ती आता ते वाक्य म्हणणार आणि आयुष्यभर म्हणत राहणार.

आई हसत नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हसत नव्हती. तिनं ज्वारीकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं आणि मुलींना म्हणाली, "ओढण्या काढा. दोन." ओढण्या पसरल्या, त्यात ज्वारी भरली, गुंडाळून दोन जाड लोड केले, दोन्ही टोकांना पिळा. एक घोट्याच्या ह्या बाजूला, एक त्या, आणि वरून स्वतःच्या लुगड्याचा पदर दातांनी फाडून त्याची पट्टी आवळून बांधली. ज्वारी पायाच्या खाचाखोचांत जाऊन बसली आणि घोटा आपोआप निश्चल झाला. मॅडमनं एक लोड दाबून बघितला. "ये कहाँ सीखे आप?" आईनं मला सांगितलं, मॅडमला नाही. "तू जन्मलीस तवा महिनाभर तुझं डोकं मोहरीच्या उशीत बसवलं होतं मी, गोल होण्यासाठी. डोकं बसतंय तर पाय काय मोठी गोष्ट हाय?" दुखणं खरंच निम्मं झालं. मॅडम मुलींच्या जोड्या लावायला लागल्या, कोण आधी उचलणार, कोण नंतर. आई म्हणाली, "सरका." आणि माझ्यासमोर पाठ करून वाकली.

"आई, अगं इथं उतार आहे."

"रोज चढतीस. आजच लाजायलीस कामून? चढ."

मी चढले. एकोणीस वर्षांची घोडी, मुलींच्या समोर, आईच्या पाठीवर. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चिंचेच्या भाताचा वास येत होता. ती आडवा पाय टाकत, टाच रोवून, बोलत नव्हती. मागून कोणीतरी हळूच म्हटलं, "ओकटी." दुसरीनं "रेंडू." मग सगळ्या जणी एका सुरात. माझ्या पायाजवळून ज्वारीचे दाणे एकेक गळत होते आणि मागे साळुंक्या वाट अडवून बसत होत्या. सदुसष्ट आले, गेले. मुलींनी शंभराला "वंद!" अशी आरोळी ठोकली की खालच्या झाडातली वानरं पळाली. आई थांबली नाही. सपाट जागा बघून एकशेनऊवर तिनं मला ठेवलं, पाणी प्यायली, आणि मॅडम तिच्यासमोर उभ्या राहून चक्क सलाम करून म्हणाल्या, "अम्मी, आप पास हो गए जी." आईनं घाम पुसला. "वजनकाट्यावर हिला घाला एकदा," ती म्हणाली, "एकोणपन्नास नाहीये ही. भाकऱ्या माझ्याच हायेत." पुढं मुलींनी आळीपाळीनं नेलं, मधे दोन वेळा आईनं, आणि रस्त्यावर येऊन आम्ही एका भाजीच्या टेम्पोत कोबीच्या गड्ड्यांवर बसून विकाराबादला आलो. तिथून गाडी.

काचीगुड्याला फलाटावर अण्णा उभे होते. दुपारी ते ज्वारी दळायला न्यायची म्हणून खुंटीवरची पिशवी घेऊन गिरणीत गेले होते, आणि गाठ सोडल्यावर गिरणीवाल्याच्या सुपात अडकित्ता आणि खलबत्ता पडला होता. तेव्हापासून त्या माणसानं प्रत्येक गाडी फलाटावर येऊन बघितली होती, बेंगळूरचीसुद्धा. काखेत पिशवी, हातात छत्री. मला बघून त्यांनी आधी माझ्या पायाच्या लोडांना हात लावला. मग कापड चिमटीत धरून आईला म्हणाले, "पदर फाडलास व्हय? उभा फाडायचा. आडवा निघत नाही नीट." आणि रडायला लागले.

हाडाला बारीक चीर होती. तीन आठवडे प्लास्टर. सुट्टी लागायला अजून अडीच महिने होते, पाय तोवर बरा होणारच होता, पण मी आशा सोडली. आई आठवडाभर गप्प होती. एरवी ती भोंगा वाजला की गाडीचं नाव सांगायची, तेही नाही. फॉर्म तांदळाच्या डब्याखाली होता, तो एक दिवस तिथून नाहीसा झाला. मी विचारायचं धाडस केलं नाही. मला वाटलं चुलीत गेला असेल, आणि मग आठवलं की आमच्याकडे गॅस आहे.

त्या रविवारी मी पाय स्टुलावर ठेवून जेवत होते. ओढण्यांतली ज्वारी आईनं निवडून, पाखडून दळून आणली होती, तरी घासाला कचकच लागत होती. अण्णा म्हणाले, "ह्यात डोंगर हाय." आई तव्यासमोरून उठली, हात पुसले आणि फॉर्म माझ्या ताटाशेजारी ठेवला. खाली सही होती. तिची, मोठ्या अक्षरांची, जपून काढलेली. शेवटी मीच ते म्हटलं, "आणि पडले तर?"

"पडलीस की." ती म्हणाली. "पडलीस, आणलं, बसून जेवायलीस. एवढंच असतंय का ते? मी उगीच वीस वर्षं भ्यायले."

मी रडले. भाकरीत कच, डोळ्यांत पाणी, नाक वाहत होतं, फार काही सुंदर दृश्य नव्हतं. मग फॉर्म उचलला तर त्याखाली दुसरा फॉर्म. मी आधी समजले चुकून दोन आले. त्यावर वर नाव लिहिलं होतं, आईचं. वय चव्वेचाळीस. 'अठरा ते पन्नास' मधल्या पन्नासाखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. ती त्या आठवड्यात गुपचूप कॉलेजात जाऊन मॅडमकडून तो घेऊन आली होती आणि इंग्रजी रकाने लक्ष्मी आंटींकडून वाचून घेऊन मराठीतून भरत बसली होती. वजनाच्या रकान्यात आधी सत्तर, ते खोडून बहात्तर. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही कागद बघितले आणि म्हणाले, "बारा दिवस मी स्टेशनावर कुठली गाडी बघू?" मग त्यांनीच विचार करून सांगितलं की पिशव्या दोन आहेतच, एक चांगलं झालं.

शेवटच्या ओळीत विचारलं होतं, संकट आल्यास कोणाला कळवावे. माझ्या फॉर्मवर मी अण्णांचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहिला होता. आईनं ते सरळ रेघेनं खोडून वर स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिच्या फॉर्मवर त्या जागी माझं नाव होतं, नातं मुलगी. आणि पत्त्याच्या रकान्यात, दोन्ही कागदांवर, तिनं एकच शब्द लिहिला होता: सोबत.